बाथरूमचा मेकओव्हर? आधी खालच्यांचं सीलिंग बघा!

टाइल्स कुठल्या, शॉवर केवढा, आरशाला लाइट कसा... जुनी बाथरूम नवी करायची म्हटलं की चर्चा इथूनच सुरू होते. पण खरा पैसा जिथे घालायचा, ते काम पूर्ण झाल्यावर कुणालाच दिसत नाही!

हॉटेलच्या रूमवर गेलं की आपण बॅग टाकतो आणि पहिलं काय करतो? बाथरूमचं दार उघडून बघतो. काचेचं पार्टिशन, पावसासारखा पडणारा शॉवर, गुडघ्याएवढा टॉवेलांचा ढीग. एकदम फ्रेश! आणि घरी? पांढऱ्या सहा बाय सहाच्या टाइल्स, त्यांच्या फटींमध्ये कायमचा मुक्काम ठोकलेली काळी बुरशी आणि सकाळी नळ सोडला की पहिली दोन मिनिटं येणारं चहाच्या रंगाचं पाणी.

डोंबिवली, मुलुंड, ठाणे, कोथरूड... ऐंशीच्या दशकात बांधलेल्या बिल्डिंगमध्ये तुमचं बालपण गेलं असेल, तर हे वर्णन वाचून तुम्ही नक्की मान डोलावली असेल. आमचं डोंबिवलीचं घरही त्यातलंच. बाथरूमचा विषय काढला की बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘‘नळाला पाणी येतंय ना? मग झालं!’’ हा विषय शेवटी मार्गी लागला तो दोन कारणांनी. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू एक दिवस वर येऊन म्हणाल्या, ‘‘अगं, जरा खाली येऊन बघ. आमच्या सीलिंगवर महाराष्ट्राचा नकाशा उमटलाय.’’

बादली गेली, शॉवर आला

या जुन्या बाथरूम बिघडतात का? त्या बांधल्याच गेल्या होत्या बादली-तांब्याच्या आंघोळीसाठी. पाटावर बसायचं, अंगावर पाणी घ्यायचं. म्हणून भिंतीला टाइल्स तीन-चार फुटांपर्यंतच. मिस्त्री लोक याला ‘डॅडो’ म्हणतात. मग घरोघर शॉवर आले आणि पाणी थेट सहा फुटांवरून भिंतीवर आपटायला लागलं. वरचं प्लास्टर ते पीत राहतं आणि पलीकडच्या बेडरूममधल्या कपाटामागचा रंग फुगतो. आपण मात्र पेंटरला शिव्या घालतो!

दुसरं दुखणं जमिनीखाली. या बिल्डिंगमध्ये संडास-बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा भराव करतात, तोच ‘ब्रिकबॅट कोबा’. टाइल्सच्या सांध्यांमधून झिरपलेलं पाणी या भरावात वर्षानुवर्षं साठत जातं. वरून सगळं कोरडं दिसतं. आत मात्र छोटा तलाव! तो स्लॅबमध्ये उतरला की आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटचे पोपडे पडायला लागतात. म्हणजे काकूंचा नकाशा हा नुसता रंगाचा प्रश्न नव्हता. जुन्यावरच नव्या टाइल्स चिकटवून द्यायची स्वस्त ऑफर आम्हालाही आली होती. हा फंडा खोल जखमेवर मेकअप करण्यासारखा आहे.

भिंत पाडायची की ठेवायची?

सध्याची फॅशन म्हणजे संडास आणि बाथरूममधली भिंत पाडून एकच मोठी, ऐसपैस बाथरूम करायची. फोटोत झकास दिसते. पण चार माणसांच्या घरात सकाळी सात ते आठ हा पीक अवर असतो. एकजण आंघोळीला गेला की बाकीचे तिघे पोट धरून दाराबाहेर उभे, आणि तिकडे फास्ट लोकल निघून गेली! आमच्याकडे मतदान झालं आणि भिंत तीन विरुद्ध एक मतांनी वाचली. (विरोधी मत माझं होतं.) तुम्ही पाडणार असाल, तर ती नुसती विटांची आहे ना, तिच्यात पिलर किंवा बीम नाही ना, हे इंजिनीअरकडून बघून घ्या आणि सोसायटीची लेखी परवानगी घ्या.

४८ तासांची परीक्षा

तोडफोड सुरू झाली. स्लॅब उघडा पडेपर्यंत सगळं काढलं. लोखंडी पाइप आतून गंजून इतके भरले होते की त्यातून करंगळी जाईना. त्यांच्या जागी सीपीव्हीसी पाइप आले, जे गंजत नाहीत आणि गीझरचं गरम पाणीही सोसतात. मग भेगा भरणं, वॉटरप्रूफिंगचे दोन कोट आणि ते भिंतीवर फूटभर वर चढवणं. कारण पाणी सगळ्यात आधी जमीन आणि भिंतीच्या कोपऱ्यात घुसतं. मग उतार देऊन नवा कोबा.

आणि मग ती परीक्षा. नहाणीचं तोंड घट्ट बंद करायचं, दोन इंच पाणी भरायचं, पातळीची खूण करायची आणि ४८ तास हात लावायचा नाही. मिस्त्रीकाकांना घाई होती, ‘‘ताई, एक दिवस पुरे. टाइल्स येऊन पडल्यात, माणसं बसून आहेत.’’ त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. बसलेल्या माणसांची मजुरी कोण देणार? बाबा मात्र अडून बसले. आधीच्या कुठल्याच मीटिंगमध्ये तोंड न उघडणारा हा माणूस दर चार तासांनी टॉर्च घेऊन काकूंकडे जात होता!

छत्तिसाव्या तासाला नहाणीच्या बरोबर खाली ओल दिसली. नाण्याएवढी. ट्रॅपचा सांधा नीट भरला नव्हता. एका दिवसावर थांबलो असतो तर त्यावर टाइल्स बसल्या असत्या आणि पुढच्या वर्षी सगळं पुन्हा फोडावं लागलं असतं. सांधा पुन्हा केला, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा ४८ तास. काम चार दिवस लांबलं, मजुरी वाढली आणि काचेचं पार्टिशन बजेटमधून आउट झालं. आज तिथे साधा पडदा आहे. त्यानंतर दोन पावसाळे गेले. काकूंच्या सीलिंगवर नवीन रंग आहे आणि त्यावर कुठलाही जिल्हा उमटलेला नाही.

आईसाठी, आणि उद्या आपल्यासाठीही

बाथरूममध्ये घसरून पडणं म्हणजे उतारवयात खुब्याचं हाड मोडण्याची भीती. म्हणून जमिनीला मॅट, अँटी-स्किड टाइल्सच. चकचकीत टाइल्सचा हट्ट भिंतीवर पुरवा! कमोडशेजारी आणि शॉवरखाली पकडायला स्टीलचे दांडे लावले. त्यांच्या जागा टाइल्स बसवायच्या आधीच ठरवाव्या लागतात, कारण दांडा टाइलवर नाही, मागच्या विटांमध्ये घट्ट बसायला हवा. दार बाहेर उघडणारं केलं. आत कुणी पडलं आणि दार आतच उघडणारं असेल, तर त्याच माणसाच्या अंगामुळे ते अडकतं. कडीसुद्धा बाहेरून उघडता येईल अशी निवडली.

गीझरच्या बाबतीत नो कॉम्प्रमाइज. गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत नकोच. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत पत्ता लागत नाही. इलेक्ट्रिक गीझर असेल तर अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट लीक झाला की तो क्षणार्धात वीज तोडतो.

काम काढण्यापूर्वी हे वाचा

• बजेटमधली पहिली रक्कम वॉटरप्रूफिंग आणि प्लंबिंगची. उरेल त्यात टाइल्स, आणि त्यातूनही उरलं तर शोभेच्या वस्तू.

• पाण्याच्या परीक्षेचे ४८ तास कामाच्या वेळापत्रकात आधीच लिहून ठेवा आणि ते मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगा.

• पाइप झाकण्यापूर्वी भिंतीला टेप लावून मोबाइलवर फोटो काढा. उद्या टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारताना पाइप फुटणार नाही.

• जुन्या फ्लश टाकीत एका वेळी १० लिटर किंवा जास्त पाणी जातं. ड्युअल फ्लशमध्ये साधारण ३ किंवा ६ लिटर. टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा फरक मोठा आहे.

• डेब्रिज उचलायचे पैसे कामाच्या दरात आहेत का, हे आधीच विचारा.

• एकच बाथरूम असेल तर त्या दिवसांत आंघोळीची सोय कुठे, हे तोडफोडीआधी ठरवा. आम्हाला शेजाऱ्यांनी किल्लीच दिली होती.

• शेवटचं आणि सगळ्यात स्वस्त. काम सुरू करण्यापूर्वी खालच्या मजल्यावर एक चक्कर मारा, सीलिंगचा फोटो काढा आणि काम संपल्यावर पहिल्या पावसाळ्यात पुन्हा एक काढा. तुमच्या बाथरूमचा रिझल्ट तिथे लागतो!