रुखवतासाठी क्रोशाचा रुमाल

लग्नघरी रुखवत मांडले जाते, तेव्हा लाडू-करंज्यांच्या ताटांबरोबरच घरच्या स्त्रियांच्या हातच्या विणकामाकडेही पाहुण्यांचे लक्ष जाते. तोरण, ताटावरील झाकण, तांब्यावरील रुमाल अशा भेटवस्तू आकडीची एक सुई व सुताची गुंडी यांवर घरच्या घरी तयार होतात. क्रोशाच्या कामात सुईवर बहुधा एकच फासा उरतो. त्यामुळे शेतीच्या कामातून सवड मिळेल तेव्हा ते हाती घ्यावे व हाक येताच बाजूला ठेवावे, ही सोय त्यात आहे.

तांब्यावरील रुमालासाठी पांढरे सुती सूत, काठासाठी थोडे रंगीत सूत व सारख्या वजनाचे २४ मणी घ्यावेत. रंगीत सूत प्रथम भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग उतरत असल्यास ते वापरू नये.

विणण्याची रीत : ६ साखळ्यांचे कडे करावे. ३ साखळ्या हा पहिला खांब समजून कड्यात आणखी ११ खांब घालावेत. खांबासाठी सुईवर सुताचा एक वेढा घेऊन सुई टाक्यात घालावी व सूत ओढावे. सुईवर तीन फासे होतात, ते दोन-दोन करून सोडवावेत. पुढे प्रत्येक फेरीत १२ खांब वाढवावेत, म्हणजे १२, २४, ३६, ४८, ६० व सहाव्या फेरीत ७२ खांब होतील. वाढ कमी पडल्यास विणकाम वाटीसारखे वळते आणि अधिक झाल्यास कडेला चुण्या पडतात. म्हणून प्रत्येक फेरीअखेर खांब मोजावेत.

काठ विणण्यापूर्वीच सर्व मणी रंगीत सुतात ओवून घ्यावेत. ३ साखळ्या, मणी, पुन्हा ३ साखळ्या घालून तीन खांबांच्या अंतरावर जोडत जावे. ७२ खांबांवर २४ कमानी बसतात. मण्यांच्या भाराने रुमाल वाऱ्याने उडत नाही. दाट विणीमुळे माशी दूर राहते. परंतु धूळ व मुंग्या आत शिरू शकतात. यास्तव साठवणीच्या पाण्यावर घट्ट झाकणच असावे. रुमाल धुऊन, पातळ खळ देऊन, सपाट जागी टाचण्यांनी ताणून वाळवावा.

बाळासाठी टोपडे वा मोजे विणताना मणी लावू नयेत, लांब बंद ठेवू नयेत व आत सुताची टोके सोडू नयेत. मणी तोंडात जाण्याचा आणि सूत बोटांभोवती आवळण्याचा धोका असतो.

हेच काम विक्रीसाठी करावयाचे असेल, तर केवळ सुताची किंमत धरणे योग्य नव्हे. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात क्रोशाची लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास मारिया मीस यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. दूरच्या बाजारपेठांसाठी राबणाऱ्या या स्त्रिया केवळ गृहिणी गणल्या जात व त्यांचे श्रम फावल्या वेळचे मानले जात, त्यामुळे मजुरी अत्यल्प राही, असे त्यात दाखविले आहे. म्हणून एका रुमालास लागलेले तास लिहून ठेवावेत, गावातील रोजंदारीच्या दराने मजुरी काढावी आणि सूत व मणी यांचा खर्च मिळवून मगच किंमत सांगावी. बचत गटातील भगिनींनी असा एकच दर ठरविल्यास एकीला दुसरीपेक्षा स्वस्त विकण्याची पाळी येणार नाही.

भेट प्रेमाने द्यावी. विक्री मात्र हिशेबाने करावी.