घोडा लंगडतोय की त्याचा तोल जातोय?

घोडा मागच्या पायांनी झोकांड्या खाऊ लागला की आधी पायातच दुखणं शोधलं जातं. पण दुखरा पाय सहसा प्रत्येक पावलाला सारखाच लंगडतो. मज्जारज्जू दबला असेल तर पाऊल दर वेळी वेगळ्या जागी पडतं. म्हणून घोड्याला लहान वर्तुळात फिरवून, मागे चालवून, चालताना शेपूट बाजूला ओढून पाहतात.

वेगाने वाढणाऱ्या तरुण थरोब्रेड जातीच्या घोड्यांमध्ये मानेचे मणके हे या दाबाचं नेहमीचं कारण. ‘एक्स-रेत मणक्यांतली पोकळी अरुंद दिसली, मग झालं निदान!’ असं कुणी म्हणेल. पण साध्या एक्स-रेने संशय बळावतो एवढंच. दाबाची नेमकी जागा भूल देऊन केलेल्या मायलोग्राममध्ये, म्हणजे मज्जारज्जूच्या खास एक्स-रेत, दिसते. हर्पिस विषाणूमुळेही अशीच लक्षणं दिसतात, म्हणून इतर तपासण्याही हव्यात. तोवर घोड्यावर बसू नका; तो कोसळू शकतो.