एमीन ग्युन सिरेर

एमीन ग्युन सिरेर हे तुर्की-अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ आहेत. वितरित संगणक प्रणाली, समस्तर जाळी आणि ब्लॉकचेनची सुरक्षितता हे त्यांच्या संशोधनाचे प्रमुख विषय होत. इत्ताय एयाल यांच्यासह २०१३ मध्ये मांडलेल्या ‘स्वार्थी मायनिंग’च्या सिद्धान्तामुळे ते विशेष प्रसिद्ध झाले.

शिक्षण आणि कारकीर्द

सिरेर यांनी प्रिन्स्टन विद्यापीठातून पदवी आणि वॉशिंग्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर ते न्यू यॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात संगणकशास्त्राचे अध्यापन करू लागले. २००३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसमवेत ‘कर्मा’ ही प्रणाली मांडली. फाइलींची देवाणघेवाण करणाऱ्या जाळ्यांत अनेक जण इतरांकडून फाइली घेत, पण स्वतः काहीच देत नसत. यावर उपाय म्हणून प्रत्येक सहभागी संगणकाच्या देण्याघेण्याचा हिशेब ‘कर्मा’ या आभासी चलनात ठेवण्याची ही योजना होती. बिटकॉइनची संकल्पना त्यानंतर ५ वर्षांनी, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली.

स्वार्थी मायनिंग

बिटकॉइनच्या व्यवहारांची नोंद ‘ब्लॉक’ नावाच्या गटांत केली जाते आणि हे ब्लॉक एकमेकांना साखळीप्रमाणे जोडलेले असतात. नवा ब्लॉक जोडण्यासाठी मायनर संगणकाच्या साहाय्याने एक कठीण गणिती कोडे सोडवतात व यशस्वी मायनरला मोबदला मिळतो. साखळीला दोन फाटे फुटल्यास ज्या फाट्यामागे अधिक गणनकार्य असते, म्हणजे सामान्यतः जो अधिक लांब असतो, तोच ग्राह्य धरला जातो. निम्म्याहून अधिक गणनशक्ती प्रामाणिक मायनरांकडे असेल, तोवर ही व्यवस्था सुरक्षित राहील, असे पूर्वी मानले जाई.

केवळ बहुमत पुरेसे नाही, असे एयाल आणि सिरेर यांनी दाखवून दिले. समजा, एखाद्या गटाने सापडलेला ब्लॉक जाहीर न करता गुप्त ठेवला आणि त्यालाच पुढचा ब्लॉक जोडला. आता हा गट २ ब्लॉकांनी पुढे आहे. इतरांना मात्र त्याची कल्पना नसल्याने ते जुन्या टोकापासूनच काम करत राहतात. त्यांना १ ब्लॉक सापडताच हा गट आपले दोन्ही ब्लॉक प्रसिद्ध करतो. त्याची साखळी लांब असल्याने इतरांचा ब्लॉक बाद होतो व त्यांचे श्रम वाया जातात. परिणामी गटाला आपल्या गणनशक्तीच्या प्रमाणापेक्षा मोबदल्याचा अधिक वाटा मिळतो.

दोन्ही फाटे समान लांबीचे असताना स्वार्थी गटाचा ब्लॉक इतर मायनरांपर्यंत आधी पोहोचत नसला, तरीही १/३ हून अधिक गणनशक्ती असल्यास ही खेळी लाभदायक ठरते. तो आधी पोहोचू लागला, तर ही मर्यादा आणखी खाली येते. अधिक लाभाच्या आशेने इतर मायनर अशा गटात सामील झाले, तर तो वाढत जाऊन बहुमतात येऊ शकतो आणि चलनाचे विकेंद्रित स्वरूपच धोक्यात येते. उपाय म्हणून, समान लांबीच्या फाट्यांपैकी एकाची निवड यादृच्छिक पद्धतीने करावी, असे त्यांनी सुचवले. त्यामुळे ही मर्यादा १/४ वर स्थिरावते. मात्र त्याहून मोठ्या गटापासून संरक्षण मिळत नाही.

‘द डाओ’ प्रकरण

मे २०१६ मध्ये सिरेर यांनी दोन सहकाऱ्यांसह इथेरियमवरील ‘द डाओ’ या सामायिक गुंतवणूक निधीच्या मतदान पद्धतीतील त्रुटी दाखवून, त्या दूर होईपर्यंत निधीचे कामकाज स्थगित ठेवण्याचे आवाहन केले. जून २०१६ मध्ये या निधीच्या प्रोग्राममधील एका वेगळ्या दोषाचा फायदा घेऊन सुमारे ३६ लाख ईथर वळते करण्यात आले.

पुढील संशोधन

व्यवहारांचा वेग वाढवण्यासाठी सिरेर यांनी एयाल व इतरांसमवेत २०१६ मध्ये ‘बिटकॉइन-एनजी’ हा नियमसंच मांडला. त्यात कोडे सोडवणारा मायनर पुढील कोडे सुटेपर्यंत नेता ठरतो व त्या काळात व्यवहारांचे लहान ब्लॉक प्रसिद्ध करतो. पुढे त्यांनी ‘अवालांश’ प्रणालीवर काम केले. तीत प्रत्येक संगणक यादृच्छिकपणे निवडलेल्या मोजक्या संगणकांचे मत वारंवार विचारतो आणि त्यातून संपूर्ण जाळ्याचे एकमत घडते. सिरेर सहसंस्थापक असलेल्या ‘आवा लॅब्स’ या कंपनीने विकसित केलेले हे जाळे सप्टेंबर २०२० मध्ये कार्यान्वित झाले.