कॉम्प्युटर दोन, स्क्रीनची जोडी एकच! केव्हीएम स्विच घेण्याआधी मागचे पोर्ट मोजा

कोल्हापूर : गावातल्या सेवा केंद्रात आता एका स्क्रीनवर काम भागत नाही. डावीकडे सातबारा उघडायचा आणि उजवीकडे अर्ज भरायचा, म्हणजे गट नंबर टाकताना चूक होत नाही. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. जुन्या बऱ्याच मशीनवर विंडोज ११ बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० आणि नवा प्रोसेसर लागतो. मग नवा कॉम्प्युटर येतो, पण जुनाही टेबलावरच राहतो. जुना स्कॅनर आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं ना! पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम गावातून करणाऱ्यांचंही तेच. कंपनीचा लॅपटॉप वेगळा, घरचा कॉम्प्युटर वेगळा.

मग आणखी दोन स्क्रीन घ्यायच्या का? गरज नाही. पण घाईने चुकीचा स्विच घेतला तर तेही पैसे पाण्यात.

केव्हीएम म्हणजे काय?

कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांची ही आद्याक्षरं. बोअर दोन आणि पाइपलाइन एक असली की ज्या बोअरचा कॉक उघडाल त्याचं पाणी येतं, तसंच हे. बटण दाबलं की स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जातात. दोन्ही कॉम्प्युटर चालूच राहतात.

चूक कुठे होते?

स्विच आणला की एका कॉम्प्युटरच्या एकाच वायरीवर दोन्ही स्क्रीनवर वेगवेगळं चित्र येईल, असं अनेकांना वाटतं. साध्या केव्हीएममध्ये तसं होत नाही. दोन स्क्रीन हव्या असतील तर प्रत्येक कॉम्प्युटरमधून चित्राच्या दोन वायरी स्विचमध्ये याव्या लागतात. हिशेब असा :

- दोन कॉम्प्युटरमधून स्विचकडे चित्राच्या वायरी : ४
- स्विचमधून स्क्रीनकडे : २
- कीबोर्ड-माउससाठी प्रत्येक कॉम्प्युटरला यूएसबी वायर : २

म्हणजे एकूण ८ वायरी. म्हणूनच स्विच घेताना तो 'दोन कॉम्प्युटर, दोन मॉनिटर'चा आहे का, हे बघा. 'दोन कॉम्प्युटर, एक मॉनिटर'चा स्वस्त मिळतो, पण इथे त्याचा उपयोग नाही.

लॅपटॉपला बहुतेक वेळा एकच एचडीएमआय असतं. दुसरी स्क्रीन यूएसबी-सीवरून चालू शकते, पण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र येतंच असं नाही. म्हणून आधी स्विचशिवाय दोन्ही स्क्रीन त्या लॅपटॉपला थेट जोडून बघा. थेट चालल्या नाहीत, तर स्विच लावूनही चालणार नाहीत.

दुकानात 'स्प्लिटर' हातात दिला तर घेऊ नका. तो एकच चित्र दोन स्क्रीनवर दाखवतो. जुन्या मशीनला फक्त व्हीजीए असेल, तर व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर लागतो. उलट दिशेचा कन्व्हर्टर चालत नाही.

कमी खर्चाचा मार्ग

आधी मॉनिटरची मागची बाजू बघा. तिथे चित्राचे दोन पोर्ट असतील, तर एकात नवा कॉम्प्युटर आणि दुसऱ्यात जुना लावा. मॉनिटरच्या 'इनपुट' किंवा 'सोर्स' बटणाने बदल करता येतो. कीबोर्ड-माउससाठी फक्त यूएसबी स्विच घ्या. बटण प्रत्येक मॉनिटरवर वेगळं दाबावं लागतं, एवढाच त्रास. दिवसातून चार-पाच वेळाच बदल करायचा असेल, तर एवढं पुरतं.

जोडल्यावर हे सांभाळा

- स्विच बदलला की उघडलेल्या खिडक्या एका स्क्रीनवर गोळा होतात. स्क्रीन काढली असं कॉम्प्युटरला वाटतं, म्हणून हे होतं. 'ईडीआयडी एम्युलेशन' असलेल्या स्विचमध्ये हा त्रास टळतो.
- अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचा टोकन स्विचवर लावू नका, थेट कॉम्प्युटरला लावा. स्विच बदलला की यूएसबी जोडणी तुटते आणि काम अर्ध्यावर अडकतं.
- पेन ड्राइव्हवर कॉपी चालू असताना बटण दाबू नका.
- लॅपटॉप मिटून ठेवायचा असेल, तर झाकण बंद केल्यावर 'काही करू नये' अशी सेटिंग आधी करा.
- पासवर्ड टाकण्याआधी कोणता कॉम्प्युटर समोर आहे ते बघा. दोन्हींच्या वॉलपेपरचा रंग वेगळा ठेवला की गोंधळ होत नाही.

एक लक्षात ठेवा : स्विचमुळे जुना कॉम्प्युटर सुरक्षित होत नाही. अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर बँकेचे व्यवहार किंवा लोकांच्या आधारची कामं करू नका. ती नव्यावरच करा. जुना शक्यतो इंटरनेटशिवाय वापरा.

दुकानात जाताना

दोन्ही कॉम्प्युटर आणि दोन्ही मॉनिटर यांच्या मागच्या बाजूचे मोबाइलवर फोटो काढून न्या. चंदगड किंवा गगनबावड्याहून कोल्हापूरला यायचं म्हणजे एका वायरीसाठी पुन्हा दिवस मोडतो. फोटो दाखवून स्विच आणि वायरी एकदमच घ्या, चालला नाही तर बदलून मिळेल का ते आधी विचारा आणि पक्कं बिल घ्यायला विसरू नका.