वेल गच्च, पण भोपळा का धरत नाही?



मागच्या महिन्यात फुलंब्री तालुक्यातल्या एका गटाच्या बैठकीत एक काकू म्हणाल्या, "पोरी, येल मांडवावर मावंना, पण भोपळा काही धरंना. लिंबाएवढा होतो अन् पिवळा पडून गळतो. नजर लागली काय गं?"

नजर नाही काकू, मधमाशी कमी पडतेय.

भोपळा, कारलं, काकडी, दोडका यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगवेगळी फुलं येतात. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं. नर फुलाला नुसता देठ. नर फुलाचे परागकण मादी फुलात पोचले तरच ते फळ वाढतं. ही ने-आण मुख्यतः मधमाश्या करतात. माशी आली नाही तर फळ गळतं, कमी आली तर वाकडं होतं. गळलेलं फळ चिरूनही बघा. आत अळी असेल तर ते फळमाशीचं काम, त्याचा उपाय वेगळा.

आता माशी येणार कुठून? शिवारात फवारणी, बांधावरची झाडं तुटलेली, मोहोळ दिसलं की आपण पेटवतो!

तोवर हे काम हातानं करता येतं. लाल भोपळा, कारलं, काकडीची फुलं सकाळी उमलतात. नऊच्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांचं तेव्हा करा.

पण रोज किती फुलं शिवणार? माशीलाच बोलवू या:

• तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. कोथिंबीर, शेपूची चार झाडं फुलू द्या. कडेनं झेंडू लावा.
• पसरट भांड्यात खडे आणि थोडं पाणी ठेवा. खड्यांवर बसून माशी पाणी पिते, बुडत नाही. पाणी रोज बदला.
• फुलांवर फवारणी नको. निंबोळी अर्कसुद्धा माश्या नसताना, फुलं टाळून मारा.
• मोहोळ जाळू नका.

पुढच्या बैठकीपर्यंत एक करा. हातानं परागकण लावलेल्या पाच मादी फुलांना दोरा बांधा, पाच तशीच ठेवून त्यांनाही वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. कुठली फळं टिकली ते वहीत लिहून आणा. काकूंनी दोरे बांधलेत. तुम्ही?