घरी शिकलेल्या मुलांना कॉलेजची स्कॉलरशिप मिळते का?

हिफ्जसाठी शाळा सोडलेली मुलं, तब्येतीमुळे घरीच शिकणाऱ्या मुली आपल्या सीवूड्स-नेरुळ भागातही आहेत. बारावी जवळ आली की अम्मी-अब्बांना एकच काळजी: शाळाच नाही, तर फीसाठी मदत कोण देणार?

मदत मिळू शकते. सरकार बघतं ते बोर्डाचं प्रमाणपत्र, कॉलेजचा प्रवेश आणि घरचं उत्पन्न. अभ्यास वर्गात केला की घरी, यावर काही अडत नाही. पण बोर्डाची परीक्षा हवीच. त्यासाठी १९८९ साली सुरू झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, आहे. राज्य बोर्डाचा १७ नंबर फॉर्म भरूनही बाहेरून बसता येतं. इंजिनीअरिंगला जायचं असेल तर एनआयओएसमधून बारावीला किमान पाच विषय आणि त्यात फिजिक्स, गणित घ्या. विषय चुकले तर प्रवेशच अडतो, मग स्कॉलरशिपचा प्रश्नच उरत नाही.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा. व्यावसायिक कोर्ससाठी अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे, तसंच खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. दोन्हीकडे कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. शाहू योजनेसाठी प्रवेश सरकारच्या कॅप फेरीतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. मुलींसाठी आणखी एक सोय आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक कोर्सची शिकवणी व परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मुस्लिम समाजातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, तेव्हा आपली आहे का ते पाहा.

खरी अडचण येते कागदपत्रांत. शाळेतल्या मुलाकडे शाळा सोडल्याचा दाखला असतो. त्यावर जन्मतारीख, जन्मगाव, कधी जातही लिहिलेली असते. घरी शिकलेल्या मुलाकडे तो नसतो किंवा चौथी-पाचवीचा जुना असतो. तो जुना दाखला हरवू देऊ नका. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी कुटुंब महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो. म्हणून दादा-परदादांचे शाळेचे किंवा जमिनीचे कागद गावाहून आत्ताच मागवा. डोमिसाईलसाठी जन्मदाखला, जुनं रेशनकार्ड, घराचे करार, लाईट बिलं जपून ठेवा. एनआयओएसकडून मिळणारं मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट कॉलेजला द्यायचं असतं. मधली वर्षं रिकामी दिसत असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आपले सरकार केंद्रातून निघतो. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात. आणि अर्ज एकदाच भरून भागत नाही, दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

ही कामं निकालानंतर नाही, अकरावीच्या वर्षीच सुरू करा. मुलाने घरी बसून मेहनत केली आहे. एका कागदापायी त्याची फी अडायला नको.