समुद्री कासवाचे डोके आत जात नाही

'कासव' या चित्रपटातल्या कासवाचा अर्थ काय, असे विचारले तर बहुतेक प्रेक्षक लगेच उत्तर देतात: मिटून घेतलेला माणूस. हातपाय आणि डोके कवचात ओढून घेणारा प्राणी, आणि जगाकडे पाठ करून खोलीत पडून राहिलेला नैराश्यग्रस्त तरुण. जोडी जुळते आणि विचार तिथेच थांबतो. गोव्यातल्या पेडणे तालुक्यात, मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने मात्र इथे थांबू नये. आपल्या वाळूत अंडी घालायला येते ते ऑलिव्ह रिडले जातीचे समुद्री कासव, आणि समुद्री कासवाला डोके कवचात घेता येतच नाही. तो गुण जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या कासवांचा.

समांतर चित्रपटातला दडलेला अर्थ शोधायचा तर सुरुवात इथून करावी. प्रतीक दिसले की त्याचा ठरीव अर्थ लावायची घाई करू नये. ती वस्तू किंवा तो प्राणी प्रत्यक्षात काय करतो, आणि चित्रपटात त्याच्याभोवती माणसे काय करतात, हे आधी पाहावे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट २०१६ चा. त्याला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) रुग्णालयातून पळतो आणि वाटेत तापाने फणफणून पडतो. कोकण किनाऱ्याकडे निघालेली जानकी (इरावती हर्षे) त्याला आपल्या घरी आणते. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. तिच्या गाडीचा चालक यदू (किशोर कदम) या अनोळखी पोराकडे साशंकपणे पाहतो. किनाऱ्यावर दत्ताभाऊ (डॉ. मोहन आगाशे) कासवांच्या रक्षणाचे काम करतात. आगाशे या चित्रपटाचे निर्मातेही आहेत आणि व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ.

आता कासवाकडे वळू. मादी रात्री किनाऱ्यावर चढते, वाळूत खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारून समुद्रात निघून जाते. त्या घरट्याकडे ती परत येत नाही. पुढचे सुमारे पन्नास दिवस अंडी वाळूच्या उबेवर असतात. पिल्ले बहुधा रात्री वर येतात आणि क्षितिजाच्या उजळ बाजूकडे, म्हणजे समुद्राकडे, चालू लागतात. किनाऱ्यावर शॅकचे दिवे जळत असले की ती उलट वळतात. राखण करणारा माणूस मग काय करतो? घरट्याभोवती कुंपण घालतो, कुत्री हाकलतो, दिवे बंद करायला लावतो. पिल्ले बाहेर आली की त्यांना समुद्रात नेऊन टाकत नाही. थोड्या अंतरावर सोडतो आणि चालू देतो. मोरजीत वनखात्याच्या देखरेखीखाली हेच चालते.

हे डोक्यात ठेवून जानकीचे वागणे पाहा. ती त्या मुलाला नाव विचारत नाही, खोदून काही काढत नाही, उपदेश करत नाही. जेवण, औषध, खोली आणि वेळ एवढेच देते. तो चिडतो, दार लावून घेतो, तरी ती त्याला ओढून बाहेर काढत नाही. म्हणजे चित्रपटाचे लक्ष कवचापेक्षा राखणीवर आहे. आजारी माणसाने कोषातून बाहेर यावे, असे तो सांगत नाही. त्याच्या आजूबाजूच्यांनी कुंपण कसे घालावे आणि हात कुठे आवरता घ्यावा, हे तो दाखवतो. पहिला अर्थ रुग्णाबद्दल बोलतो, दुसरा आपल्याबद्दल. माझ्या मते दुसराच खरा, कारण चित्रपटातले सगळ्यात जास्त प्रसंग त्यालाच आधार देतात. एखादा अर्थ बरोबर आहे की नाही, हे ठरवायची हीच कसोटी: तो एका चतुर दृश्याला लागू पडतो, की चित्रपटभर टिकतो?

यानंतर चित्रपट काय सांगत नाही ते पाहावे. या मुलाला नेमके झाले काय? घरचे कोण, अपयश कसले, याचा सोयीस्कर खुलासा मिळत नाही. पुष्कळांना ही त्रुटी वाटते. पण कारण सांगितले असते तर आपण लगेच न्यायनिवाडा केला असता, 'एवढ्याशा गोष्टीसाठी?' म्हणालो असतो. कारण न सांगता दिग्दर्शकांनी आपल्याला जानकीच्या जागी बसवले आहे. समांतर चित्रपटात रिकामी ठेवलेली जागा सहसा प्रेक्षकासाठी असते.

सामाजिक आशयासाठी मात्र चित्रपटाच्या बाहेरचे थोडे ठाऊक असावे लागते. 'कासव' तयार झाला तेव्हा आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. रुग्णालयातून पळणारा मुलगा फक्त स्वतःपासून पळत नाही, हे त्यावरून कळते. २०१७ च्या एप्रिलमध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले, आणि त्याच महिन्यात मानसिक आरोग्य सेवा कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षा करू नये, असे तो कायदा सांगतो.

चित्रपटात परशू नावाचा बेघर पोरगा आहे, हसतमुख, कष्टाळू. त्याचे पात्र मला थोडे सोयीचे वाटते. ज्याच्याकडे काहीच नाही तो आनंदी, असा अर्थ त्यातून निसटतो, आणि गरीब मुलाचे दुःख दुसऱ्या कुणाला तरी बरे करण्याच्या कामी लागते. अर्थ लावणे म्हणजे दिग्दर्शकाची प्रत्येक गोष्ट मान्य करणे नव्हे. चित्रपट कुठे डळमळतो, हे सांगणेही वाचनच.

हीच रीत गोव्याच्या 'पलतडचो मनिस'ला लावून पाहा. महाबळेश्वर सैल यांच्या कादंबरीवरून लक्ष्मीकांत शेटगावकर यांनी २००९ मध्ये केलेला हा कोंकणी चित्रपट. टोरांटोच्या महोत्सवात त्याला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला. जंगलात एकटा राहणारा विधुर वनरक्षक (चित्तरंजन गिरी) एका वेड्या बाईला (वीणा जामकर) आसरा देतो. ती बेवारस फिरत होती तोवर गावाला तिच्याशी कर्तव्य नव्हते. तिला घर मिळाल्यावर, तिला दिवस गेल्यावर, गावाला नीती आठवते. इथे प्रतीके शोधत बसायची गरज नाही. गाव आणि जंगल यांच्यामधल्या पुलाच्या कोणत्या बाजूला कोण उभा आहे आणि पूल ओलांडून कोण कशासाठी येतो, एवढे टिपत गेले तरी चित्रपट उलगडतो.

हे आपल्याला जमणार नाही, ते महोत्सवाला पास घेऊन जाणाऱ्यांचे काम, असे पेडण्यातली माणसे म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. जत्रेत रात्रभर दशावतार पाहणारा प्रेक्षक एकाच बाकड्याला घटकेत सिंहासन मानतो, घटकेत रानातली शिळा. लुगडे नेसलेल्या पुरुषात त्याला राणी दिसते, दोन फेऱ्यांत तो प्रवास पाहतो. न दाखवलेले पाहण्याची सवय या तालुक्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. चित्रपटासमोर तीच नजर वापरायची, आणि पहिल्या पाहण्यात सगळे कळावे हा हट्ट सोडायचा. एकदा गोष्टीसाठी पाहावे, दुसऱ्यांदा माणसे कुठे उभी आहेत आणि काय बोलत नाहीत यासाठी.

मांद्रे-मोरजीतल्या एखाद्या वाचनालयाने किंवा युवक मंडळाने हे करून पाहावे. कासवांच्या हंगामात, नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, 'कासव' दाखवावा. नंतर तासभर बोलायला ठेवावा, आणि त्या चर्चेला घरटी राखणाऱ्या वनरक्षकाला आणि एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला एकत्र बोलवावे.